अभियांत्रिकी लेखनातील संदर्भनिर्देश : पाहिलेला आधार आणि उसना आधार

सन २००५ च्या एप्रिल महिन्यात अमेरिकेतील इंटेल या कंपनीने एक जाहिरात दिली. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पाक्षिकाचा एक विशिष्ट अंक सुस्थितीत आणून देणाऱ्यास १०,००० डॉलर मिळतील, असे तीत म्हटले होते. पाक्षिकाचे नाव ‘इलेक्ट्रॉनिक्स’. अंक १९ एप्रिल १९६५ चा. जाहिरात झळकताच तेथील ग्रंथपालांना चिंता पडली, कारण असले जुने अंक घरोघरी नसतात; ते अभियांत्रिकीच्या ग्रंथालयांतच सांभाळलेले असतात. चिंता अनाठायी नव्हती. इलिनॉय विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एक प्रत बघता बघता नाहीशी झाली. बक्षीस अखेर इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या एका इंजिनियरास मिळाले. त्याने जुने अंक घराच्या लाकडी जमिनीच्या फळ्यांखाली जपून ठेवले होते.

त्या अंकात ११४ ते ११७ या पृष्ठांवर गॉर्डन मूर यांचा एक लेख आहे. मूर त्या वेळी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर या कंपनीत संशोधन व विकास यांचे प्रमुख होते. इंटेलची स्थापना व्हावयास अजून तीन वर्षे होती. संकलित मंडलावर, म्हणजे सिलिकनच्या एका लहानशा तुकड्यावर, किती घटक बसविणे सर्वांत स्वस्त पडते, हा त्या लेखाचा विषय. ही संख्या दरवर्षी सुमारे दुप्पट होत आली आहे आणि हाच वेग आणखी दहा वर्षे टिकल्यास १९७५ मध्ये ती ६५,००० वर जाईल, असा मूर यांचा अंदाज होता. पुढे १९७५ मध्ये त्यांनी स्वतःच त्याचा फेरविचार केला आणि यापुढे दुपटीस सुमारे दोन वर्षे लागतील असे सांगितले. आता नवल असे की, ‘दर अठरा महिन्यांनी दुप्पट’ हे जे वाक्य मूर यांच्या नावावर जगभर खपते, ते १९६५ च्या लेखात मुळीच नाही. तरीही कित्येक प्रबंधांत अठरा महिन्यांचा हा नियम सांगून त्यापुढे ‘मूर, १९६५’ असा निर्देश बिनदिक्कत केलेला आढळतो. असा निर्देश करणाऱ्याने मूळ लेख पाहिलेला नाही, याची कबुली त्याच्या लेखणीनेच दिलेली असते. लेख अवघ्या चार पानांचा आहे. वाचावयास अर्धा तास पुरे.

संदर्भनिर्देश हा केवळ सौजन्याचा भाग आहे, अशी समजूत विद्यार्थ्यांत फार दृढ आहे. ज्याचे घेतले त्याचे नाव घ्यावे हा शिष्टाचार खराच, आणि न घेतल्यास वाङ्मयचौर्याचा ठपका येतो हेही खरे. परंतु एवढ्यावरच निर्देशाचे काम संपले असे मानले म्हणजे तो अलंकार होऊन बसतो. आणि अलंकार जितके अधिक तितकी शोभा अधिक, या न्यायाने प्रबंधाच्या शेवटी शंभर-दीडशे नावांची माळ लटकू लागते. वस्तुतः निर्देश हा एक पत्ता आहे. ‘हे विधान माझे नव्हे, ते अमुक ठिकाणी आहे, शंका असल्यास जाऊन पाहा,’ असे त्यात लेखक वाचकास सांगत असतो. स्वतः ज्या घरी कधी गेलो नाही त्या घराचा पत्ता दुसऱ्यास खात्रीने सांगणे हे जेवढे बेजबाबदारपणाचे, तेवढेच न वाचलेल्या लेखाचा निर्देश करणे बेजबाबदारपणाचे होय. संस्कृत टीकाकार मल्लिनाथाने आपल्या टीकेच्या आरंभीच, निराधार असे काही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा केली होती. काव्याच्या टीकाकाराने जे बंधन स्वतःवर घालून घेतले ते इंजिनियरास जड वाटू नये. काव्याच्या चर्चेत आधार चुकला तर एखादा वाद लांबतो. अभियांत्रिकीत लेखातून उचललेला आकडा पुढे काँक्रीटमध्ये, पोलादात आणि पाटाच्या पाण्यात उतरतो.

पत्ता पुरा कसा लिहावयाचा हे आता पाहू जाता, लेखकाचे नाव, लेखाचे शीर्षक, नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, प्रसिद्धीचा काळ आणि पृष्ठे एवढी सामग्री बहुतेक सर्व पद्धतींना समान आहे. मात्र नियतकालिक म्हटले म्हणजे त्यात दोन जाती येतात, आणि त्यांचा भेद ध्यानात घेतल्याखेरीज निर्देश नीट होत नाही. शोधपत्रिकेत लेख छापण्यापूर्वी संपादक तो त्या विषयाच्या जाणकारांकडे परीक्षणासाठी धाडतो, त्यांचे आक्षेप लेखकास कळवितो आणि उत्तरे समाधानकारक वाटल्यासच लेख स्वीकारतो. मासिक, पाक्षिक किंवा साप्ताहिक यांतील लेखाची पारख बहुधा एकटा संपादकच करतो, आणि लेखनही वेगाने व्हावे अशी अपेक्षा असते. हा झाला प्रतिष्ठेचा भेद. दुसरा भेद साधा, पण व्यवहारात अधिक अडचणीचा आहे. शोधपत्रिकेत पृष्ठांकन बहुधा खंडभर सलग चालते. नळातून वाहणाऱ्या पाण्याच्या घर्षणाविषयीचा सी. एफ. कोलब्रुक यांचा प्रसिद्ध लेख लंडनच्या ‘इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनियर्स’च्या पत्रिकेत, १९३९ साली, ११ व्या खंडात १३३ व्या पृष्ठावर सुरू होतो, एवढे कळले की तो हाती येतो. मासिकांचा रिवाज निराळा. त्यांतील पुष्कळांत प्रत्येक अंकाचा आरंभ पृष्ठ १ पासून होतो, आणि म्हणून एका वर्षात ‘पृष्ठ ३७’ बारा वेळा येते. मूर यांच्या लेखाचा निर्देश ‘इलेक्ट्रॉनिक्स, १९६५, पृष्ठ ११४’ एवढाच केला, तर बिचाऱ्या ग्रंथपालास वर्षभराचे पाक्षिक अंक उपसावे लागतील, कारण जवळजवळ प्रत्येक अंकात ११४ वे पृष्ठ आहे. ‘खंड ३८, अंक ८, १९ एप्रिल १९६५, पृष्ठे ११४ ते ११७’ असे लिहिले म्हणजे शोध संपतो. तारीख ही मासिकाच्या बाबतीत शोभेची वस्तू नव्हे.

जुन्या ग्रंथालयांत आणखी एक संकट असे. वर्षाचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची चाल पुष्कळ ठिकाणी होती. मुखपृष्ठाबरोबर तारीख गेली, आणि जाहिरातींबरोबर पृष्ठांकनात भगदाडे पडली. निर्देशात अंकक्रमांक व तारीख दोन्ही असल्यास अशा बांधीव खंडातूनही लेख धुंडाळता येतो. आजकाल पुष्कळ शोधपत्रिका छापल्या न जाता केवळ संगणकावरच प्रसिद्ध होतात. त्यांत सलग पृष्ठे नसतात. प्रत्येक लेखास एक क्रमांक असतो. याशिवाय सन २००० पासून लेखास कायमचा डिजिटल ओळखक्रमांक देण्याची पद्धत प्रकाशकांत रुळली आहे. प्रकाशक बदलला, पत्रिकेचे नाव बदलले, तरी त्या क्रमांकाने लेख सापडावा अशी ती योजना आहे. सोय मोठी आहे; परंतु क्रमांकातील एक अंक चुकला की सारेच चुकते, आणि नावात एखादी मात्रा चुकली असता वाचक जसा तर्काने मार्ग काढतो तसा येथे काढता येत नाही. म्हणून ओळखक्रमांक लिहावा, पण त्याच्या भरवशावर बाकीचा पत्ता गाळू नये.

नियतकालिकांच्या नावांचे संक्षेप हाही एक काटेरी विषय आहे. ‘प्रोसीडिंग्ज’चे ‘प्रोसी.’, ‘ट्रान्झॅक्शन्स’चे ‘ट्रान्स.’ करावयाचे हे ठीक. त्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणही आहे. परंतु विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने ‘प्रोसी. आय.ई.ई.’ आणि ‘प्रोसी. आय.ई.ई.ई.’ यांतील एका अक्षराचा हिशेब नीट ठेवला पाहिजे. पहिली पत्रिका लंडनमधील संस्थेची. दुसरी अमेरिकेतील संस्थेची, आणि ती संस्था १९६३ मध्ये दोन जुन्या संस्था एकत्र येऊन निर्माण झाली. त्या दोहोंपैकी एकीचे नाव आय.आर.ई. होते आणि तिचीही ‘प्रोसीडिंग्ज’ होतीच. एका अक्षराच्या चुकीने वाचक अटलांटिक महासागराच्या भलत्याच तीरावर जाऊन पोचतो.

निर्देशांच्या निरनिराळ्या पद्धतींविषयी मात्र फार बोलण्याचे कारण नाही. अमेरिकेतील विद्युत अभियंते मजकुरात चौकटी कंसात क्रमांक घालतात आणि शेवटी त्याच क्रमाने यादी देतात. तेथीलच स्थापत्य अभियंते लेखकाचे नाव व वर्ष मजकुरातच घालतात. ही दुसरी पद्धत हार्वर्डच्या नावाने ओळखली जाते आणि तिचे मूळ एडवर्ड मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ च्या एका लेखात दाखविले जाते. स्वल्पविराम कोठे आणि पूर्णविराम कोठे यावरून महाविद्यालयांत जे रणकंदन माजते त्याची किंमत विद्यार्थी भरतात. ज्या परीक्षकाने अर्धविरामासाठी गुण कापले, त्याने तो लेख विद्यार्थ्याने वाचला आहे काय एवढे विचारले असते तर अधिक बरे झाले असते. पद्धत कोणतीही घ्यावी, ती आरंभापासून शेवटपर्यंत एकच असावी, म्हणजे झाले.

याहून महत्त्वाचा प्रश्न मासिकातील लेखांचा. विद्यार्थी त्यांच्या बाबतीत दोन उलट चुका करतात. काहींना त्यांची लाज वाटते. कल्पना एखाद्या मासिकातून सुचलेली असते, पण यादीत शोधपत्रिकांचीच भारदस्त नावे शोभतात म्हणून मासिकाचे नाव गाळले जाते आणि तीच गोष्ट सांगणारा एखादा शोधलेख, न वाचताच, तेथे बसविला जातो. इतर काहीजण मासिकातील अंदाज हा सिद्ध झालेला निष्कर्ष असल्यासारखा उतरवितात. दोन्ही रीतींनी वाचकाची फसवणूक होते. अभियांत्रिकीच्या इतिहासातील काही मोठ्या कल्पना मासिकांतच प्रथम लोकांपुढे आल्या आहेत, हे विसरून चालणार नाही. मूर यांचे उदाहरण वर आलेच. दुसरे उदाहरण आर्थर क्लार्क यांचे. पृथ्वीभोवती सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या परिवलनाइतक्याच काळात फेरी पुरी करणारी तीन केंद्रे ठेवली तर सर्व पृथ्वीवर रेडिओसंदेश पोचविता येतील, ही योजना त्यांनी ‘वायरलेस वर्ल्ड’ या इंग्रजी मासिकाच्या ऑक्टोबर १९४५ च्या अंकात, खंड ५१, पृष्ठे ३०५ ते ३०८ वर मांडली. तीस वर्षांनी, १९७५-७६ मध्ये, भारतातील सुमारे २,४०० खेड्यांत तशाच कक्षेतील एका अमेरिकन उपग्रहाद्वारे शैक्षणिक दूरचित्रवाणी पोचविण्यात आली. ज्या लेखाने एवढी वाट दाखविली तो मासिकात आला म्हणून त्याचा निर्देश कमी दर्जाचा ठरत नाही.

परंतु क्लार्क यांच्या लेखात शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती त्या लेखाच्या शेवटी आहे. मासिकात लिहीत असूनही क्लार्क यांनी आपले आधार दिले होते, आणि त्यांत हेर्मान नूरदुंग या नावाने प्रसिद्ध झालेला एक जर्मन ग्रंथ होता. नूरदुंग हे हेर्मान पोटोचनिक या इंजिनियराचे टोपणनाव. त्याच्या ग्रंथावर १९२९ हे साल आहे, आणि पृथ्वीवरून स्थिर भासणाऱ्या कक्षेचा विचार त्यात आलेला आहे. कक्षेची कल्पनाच प्रथम क्लार्क यांना सुचली असे जे वारंवार लिहिले जाते, ते लिहिणाऱ्यांनी क्लार्क यांच्या चार पानांचे शेवटचे पान उलटलेले नसते. त्या कक्षेतून संदेशवहन करावयाचे, ही क्लार्क यांची भर. आणि ती पुरेशी मोठी आहे. तिला दुसऱ्याचे श्रेय जोडून देण्याची आवश्यकता नाही, आणि क्लार्क यांनी तशी ती मागितलेलीही नव्हती.

न पाहिलेल्या आधाराचे परिणाम केवळ श्रेयापुरते राहत नाहीत, हे दाखविणारे एक उदाहरण भारतातील आहे. पंजाबात रावी नदीवर माधोपूर येथे निघणाऱ्या अपर बारी दुआब कालव्यावर आर. जी. केनेडी या इंजिनियराने निरीक्षणे केली. ज्या कालव्यांत गाळही साचत नाही आणि तळही खरवडला जात नाही, त्यांत पाण्याचा वेग व खोली यांचा काय संबंध असतो, हे त्याने शोधिले. त्याचा लेख लंडनच्या त्याच संस्थेच्या कार्यवृत्तांताच्या ११९ व्या खंडात १८९५ मध्ये छापून आला. त्यातील सूत्र असे की, खोलीचा ०.६४ वा घात घेऊन त्यास ०.८४ ने गुणिले म्हणजे इष्ट वेग येतो. हे सूत्र पुढे पाटबंधाऱ्यांच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात शिरले, आणि पाठ्यपुस्तकातून पाठ्यपुस्तकात उतरत गेले. या प्रवासात दोन गोष्टी सहज गळून पडू शकतात. पहिली अशी की, ०.८४ हा गुणक फुटांच्या मापाचा आहे. मीटर वापरल्यास तो सुमारे ०.५५ होतो. मोजमाप न सांगता सूत्र उतरवून घेतले तर वेग दीडपटीहून अधिक चुकतो. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. हे सूत्र निसर्गाचा सार्वत्रिक नियम नाही. ते त्या एका कालव्याच्या रेतीचे सूत्र आहे. इतर ठिकाणी गाळ भरड असेल तर वेग अधिक हवा, बारीक असेल तर कमी पुरतो, आणि त्यासाठी निराळा गुणक घ्यावा लागतो. मूळ लेखात निरीक्षणे कोठली हे स्पष्ट आहे. म्हणून तो वाचणाऱ्यास आपल्या कालव्याची रेती तपासण्याची आठवण होते. ज्याने ‘केनेडी, १८९५’ एवढे चार अक्षरांचे बिरुद पाठ्यपुस्तकातून उचलले, त्यास ती होईलच असे नाही. चुकीच्या वेगाने बांधलेला कालवा गाळाने भरतो, टोकाच्या शेतकऱ्यास पाणी मिळत नाही, आणि तो शेतकरी कोणत्याही शोधपत्रिकेचा वाचक नसतो.

महाराष्ट्रातील वाचकांस जवळचे असे कोयनेचे उदाहरण घेता येईल. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयना धरणाच्या काँक्रीटला भेगा पडल्या. धरणावर भूकंपाचा परिणाम कसा होतो याचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या संशोधकांना ते धरण म्हणजे एक कसोटीचा नमुनाच झाले आहे, आणि अनिल चोप्रा व पी. चक्रवर्ती यांचा अमेरिकेतील भूकंपशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेतील १९७३ चा लेख, खंड ६३, पृष्ठे ३८१ ते ३९७, त्यांच्या लेखनात नित्य आढळतो. आता या भूकंपाची महत्ता किती? जुन्या अभियांत्रिकी लेखांत ६.५ हा आकडा दिसतो, इतरत्र ६.३ दिसतो. महत्ता मोजण्याच्या रीती अनेक आहेत आणि पुनर्गणनाही होत असते, म्हणून एवढ्या फरकाने दचकून जाण्याचे कारण नाही. पण लेखकाने आपला आकडा कोणत्या लेखातून घेतला हे सांगितलेले असेल तरच वाचकास त्या फरकाचा उलगडा करता येतो. न सांगितल्यास एकाने दुसऱ्यास खोटे पाडल्यासारखे दिसते, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असू शकतात.

उसन्या आधारांची ही उसनवारी किती चालते, याचा माग काढण्याची एक नामी युक्ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विद्युत अभियांत्रिकी विभागातील सिमकिन आणि रायचौधुरी यांनी एका विख्यात लेखाचे सुमारे ४,३०० निर्देश तपासले. त्यांपैकी १९६ निर्देशांत खंड, वर्ष किंवा पृष्ठ यांत काही ना काही चूक होती. परंतु चुकांचे प्रकार मात्र ४५ च निघाले, आणि पृष्ठांकातील एक चूक तर जशीच्या तशी ७८ ठिकाणी आढळली. हात घसरला तर ज्याचा त्याचा निराळा घसरेल. अठ्ठ्याहत्तर जणांचा हात एकाच अंकावर घसरत नाही. एकाने केलेली चूक बाकीच्यांनी मूळ लेख न उघडता उतरवून घेतली, याखेरीज दुसरा अर्थ होत नाही. निर्देश करणाऱ्यांपैकी सुमारे एक-पंचमांश लोकच मूळ लेख वाचतात, असे अनुमान त्या दोघांनी गणिताने काढले. त्या गणितातील गृहीतांविषयी वाद करता येईल. त्या अठ्ठ्याहत्तरांविषयी करता येणार नाही.

याहून विलक्षण प्रकार २०१७ मध्ये उजेडात आला. एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने लेखकांच्या मार्गदर्शनासाठी नमुन्याचा म्हणून एक काल्पनिक निर्देश छापला होता: काल्पनिक लेखक, शास्त्रीय लेख लिहिण्याच्या कलेविषयीचा काल्पनिक लेख, २००० हे वर्ष, खंड १६३, पृष्ठे ५१ ते ५९. असा लेख कधीही प्रसिद्ध झालेला नाही. तरीही खऱ्या लेखांच्या संदर्भयाद्यांत तो सुमारे ४०० वेळा येऊन बसला होता. अनेकांनी नमुन्याचा आराखडा भरताना ती ओळ पुसावयाची राहिली, असे दिसते. त्यांतील बहुतेक लेख परिषदांच्या कार्यवृत्तांतांत घाईने छापलेले होते. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्या याद्यांची गत. त्या लेखांच्या परीक्षकांनीही यादीवर नजर टाकली नव्हती, हे ओघानेच आले. २०२२ च्या अखेरीपासून मागेल तसा मजकूर लिहून देणाऱ्या संगणकप्रणाली विद्यार्थ्यांच्या हाती आल्या आहेत, आणि त्या कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या लेखांचे, खंड-पृष्ठांसह, अगदी शोभिवंत निर्देश तयार करून देतात. दिसण्यात त्यांत खोट नसते. पत्रिकेचे नाव खरे, लेखकाचे नाव ओळखीचे, वर्ष संभाव्य. फक्त त्या पृष्ठावर गेले असता तेथे दुसराच लेख असतो. पत्ता लिहिण्यापूर्वी त्या घरी जाऊन यावे, या जुन्या नियमास त्यामुळे नवे कारण मिळाले आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मूळ लेख मिळावयाचे कोठून? लहान गावच्या महाविद्यालयात परदेशी पत्रिका येत नाहीत. त्यांची वर्गणी ऐकूनच प्राचार्यांस घाम फुटतो. ही अडचण जुनी आहे, आणि तिच्यावरील उपायही जुने आहेत. १९५२ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने दिल्ली येथे ‘इन्सडॉक’ हे राष्ट्रीय प्रलेखनकेंद्र निघाले ते याच कामासाठी. संशोधकाने पत्र लिहावे, केंद्राने लेख शोधून त्याची छायाप्रत, आणि प्रसंगी भाषांतरही, धाडावे, अशी ती व्यवस्था होती. ज्या इंजिनियराने एका लेखासाठी महिनाभर टपालाची वाट पाहिली, तो तो लेख न वाचता ठेवून देत नसे. आता स्थिती पालटली आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही केंद्र सरकारची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली आणि जानेवारी २०२५ पासून सुमारे ६,३०० सरकारी शिक्षणसंस्था व संशोधनसंस्था यांना तीस प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिका खुल्या झाल्या. खाजगी महाविद्यालये आणि सार्वजनिक ग्रंथालये मात्र आरंभी तीत आली नाहीत, आणि ही उणीव भरून निघणे अगत्याचे आहे. कारण जिज्ञासू वाचक सरकारी संस्थेच्या पटावर असतोच असे नाही. आणि जुन्या मासिकांचा प्रश्न तर निराळाच राहतो. ‘सृष्टिज्ञान’ हे पुण्याचे विज्ञानविषयक मासिक १९२८ पासूनचे. अशा मराठी मासिकांचे जुने अंक जेथे बांधून ठेवलेले असतील, तेथे ते रद्दीच्या भावाने जाणार नाहीत एवढी काळजी गावच्या ग्रंथालयानेच घ्यावयाची आहे. एखाद्या धरणाविषयी, यंत्राविषयी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास त्यांतील लेखाचा उपयोग झाला, तर त्याने तो मराठी लेखही आपल्या इंग्रजी प्रबंधाच्या यादीत, महिना-वर्ष-पृष्ठासह, निःसंकोच द्यावा.

एवढे करूनही मूळ लेख हाती आला नाही, तर मार्ग सरळ आहे. जे वाचले त्याचाच निर्देश करावा. केनेडीचा लेख पाठ्यपुस्तकातून कळला असल्यास ‘केनेडी, १८९५, अमुक ग्रंथाच्या अमुक पृष्ठावरून’ असे लिहावे. जर्मनीतील निकुराद्झे यांचे आतून रेती चिकटविलेल्या नळांवरील प्रयोग १९३३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले आणि त्यांचा इंग्रजी अनुवाद अमेरिकेत १९५० मध्ये निघाला. ज्याने अनुवाद वाचला त्याने अनुवादाचे साल व क्रमांक द्यावा, जर्मन मूळ वाचल्याचा आव आणू नये. अनुवादात आकडा चुकला असेल तर त्या निर्देशामुळेच ती चूक कोणाची हे पुढच्या वाचकास कळेल. अशा दुय्यम निर्देशाने यादीचे तेज थोडे उणे होते, हे कबूल केले पाहिजे. म्हणूनच परीक्षकांनी त्यास गुण कापण्याचे कारण समजू नये. उलट, मौखिक परीक्षेच्या वेळी प्रबंधाच्या यादीतील कोणतेही दोन निर्देश निवडून ते लेख समोर आणावयास सांगावे, आणि त्यांतील एका विधानावर बोट ठेवून ते कोणत्या पृष्ठावर आहे ते दाखवावयास लावावे. दोनच लेख, दहा मिनिटांचे काम. पुढच्या वर्षीच्या याद्या शंभरावरून वीसवर येतील.